मदत हवी आहे: निबंधात प्लेजरिझम केल्याचा ईमेल आलाय, गुरुवारी मीटिंग आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, रामबागेतला. क्वालालंपूरजवळ एका ब्रिटिश विद्यापीठाचा कॅम्पस आहे, तिथे बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या सुट्टीत घरी आलोय.

काल सकाळी साडेसातला (तिकडे दहा वाजले होते) पोह्यांवर जीरावन भुरभुरवत होतो आणि ईमेल आला. माझ्या २,५०० शब्दांच्या निबंधात टर्निटिनने (इतरांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर) ३८ टक्के साम्य दाखवलंय, गुरुवारी ऑनलाइन मीटिंगला हजर राहा. पोहे तसेच राहिले. आजी म्हणते, "काय रे, शेव कमी पडली का?"

झालं ते असं. निबंध पाम तेलावर होता. इंडोनेशिया आणि मलेशिया सगळ्यात मोठे उत्पादक, आपण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यामुळे लिहायलाही मजा येत होती. एका अहवालातले दोन परिच्छेद घेतले आणि त्यातले शब्द बदलले. 'इन्क्रीझ'च्या जागी 'राइज', अशा थाटात. वाक्यांचा सांगाडा तोच. अहवालाचं नाव शेवटच्या यादीत आहे, पण त्या परिच्छेदांपाशी नाही. लपवायचंच असतं तर यादीत तरी कशाला दिलं असतं? पण हे मीटिंगमध्ये बोलावं की नाही, कळत नाहीये.

बारावीपर्यंत सगळं उलट होतं. व्याख्येत स्वतःचा एक शब्द घातला की सर लाल रेघ मारायचे, "पुस्तकाची भाषा ठेव." ठेवली, ९१ टक्के पडले. तिकडे पहिल्या वर्षी संदर्भ कसे द्यायचे यावर एक तास झाला होता. मी बसलोही होतो, पण स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे, एवढंच डोक्यात राहिलं.

मीटिंगला सोबत कुणाला घेता येतं का? चूक आपणहून कबूल करावी, की विचारतील तेवढंच बोलावं? स्टुडंट पासचं (तिथे शिकायला राहायचा परवाना) नूतनीकरण विद्यापीठामार्फतच होतं, त्यामुळे झोप उडालीय.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. गेल्या सत्रात एका विषयात ६२ मिळाले, तेव्हा ब्रिटिश पद्धतीत ४०ला पास आणि ७०ला फर्स्ट क्लास असतो, ६२ चांगले, हे पटवता पटवता नाकी नऊ आले होते. त्यांनी मान डोलावली, पण काकांना फोनवर "ठीक चाललंय" एवढंच म्हणाले.

प्रतिसाद १
आधी शांत हो. मी इंग्लंडमध्ये मास्टर्स केलंय. ३८ हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. शेवटची संदर्भयादी, अवतरणातली वाक्यं, हेही त्यात मोजलं गेलेलं असू शकतं. रिपोर्ट उघडून रंगवलेला भाग ओळ न ओळ बघ. तुझे ते दोन परिच्छेद त्यात असतील तर सरळ कबूल कर. यादीत नाव दिलं होतं, हेही सांग, पण बचाव म्हणून नको, झालं तसं सांग. "आमच्याकडे असंच शिकवतात" मात्र म्हणू नकोस, कारण तो एक तास तू बसला होतास आणि त्यांच्याकडे हजेरी असणार. विद्यार्थी संघटनेला आजच लिही, बऱ्याच ठिकाणी त्यांचा माणूस सोबत बसतो. शिक्षा काय होऊ शकते ते नियमावलीत लिहिलेलं असतं, स्टुडंट पासचं मात्र तिथल्या व्हिसा विभागालाच विचार.

प्रतिसाद २
कच्चे मसुदे आहेत का? गूगल डॉक्समध्ये लिहिलं असशील तर व्हर्जन हिस्टरी दाखव, बाकीचा निबंध तुझाच आहे हे दिसेल. पुढच्या वेळी वाचलेलं बंद करून मग लिही, समोर उघडं ठेवून शब्द बदलत बसू नकोस. आणि बाबांना गुरुवारच्या आत सांग रे. दार लावून मीटिंगला बसलास, तर पाच मिनिटांत आजी चहा घेऊन आत येणार!

धागाकर्ता
रिपोर्ट बघितला. ११ टक्के नुसती संदर्भयादीच आहे. ते दोन परिच्छेद मात्र अख्खे लाल. मसुदे सापडले, संघटनेलाही ईमेल टाकला. बाबा आठ वाजता घरी येतात.