संस्थेच्या खुल्या दिवसाला जुन्या गाड्या येणार आहेत, सल्ला हवा

करवीरकन्या:
नमस्कार मंडळी. आमची दृष्टिहीन मुलांची निवासी शाळा आहे, कोल्हापूरजवळ. जानेवारीत एका रविवारी शाळा सगळ्यांसाठी खुली असते आणि त्यातून वसतिगृहाच्या खर्चाला हातभार लागतो. यंदा जुन्या गाड्यांच्या एका क्लबने आपणहून पंधरा-वीस गाड्या आणतो म्हणून कळवलंय. आनंद आहे, पण आमच्यात यातलं कळणारं कुणी नाही. मैदान मुरमाचं, कडेला चिंचेची झाडं. गाड्या लावायच्या कशा? शंभर-दोनशे रुपये घेऊन लोकांना फेरी मारून आणता येईल का? आणि मुख्य म्हणजे आमची मुलं हात लावूनच बघणार. मालकांना हे कोणत्या तोंडाने सांगू?

फियाटवाला:
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मालकांना आधीच फोनवर स्पष्ट सांगा. निम्मे नाही म्हणतील, म्हणू देत. रंगाला जपणारा माणूस दिवसभर जीव मुठीत धरून उभा राहण्यापेक्षा तो दोरीमागे बरा. जे हो म्हणतील त्यांच्या चार-पाच गाड्या वेगळ्या लावा आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत तासभर फक्त तुमच्या मुलांना द्या.

गाड्या महागड्या नकोत, हाताला काही सांगणाऱ्या हव्यात. माझ्याकडे १९५० च्या दशकातली डुक्कर फियाट आहे. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, कडी मागच्या बाजूला शोधायची नाही. मागे एकदा एका चिमुरड्या मुलीने दार चाचपलं, बिजागरी सापडल्यावर थांबली आणि म्हणाली, "काका, हे चुकीच्या बाजूला बसवलंय." डोळस माणसांच्या हे पटकन लक्षात येत नाही. पद्मिनी असेल तर स्टिअरिंगलगतचा गिअर. जीप असेल तर बॉनेटवर आडवी होणारी काच. येझदी मोटारसायकलीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर, तो मुलांच्या हातात द्याच. रबरी भोंग्याची गाडी मिळाली तर ती सगळ्यात शेवटी ठेवा, नाहीतर मुलं पुढे सरकणार नाहीत.

गॅरेजकाका:
वर बरोबर लिहिलंय. पण हात लावायच्या गाड्या निदान तासभर आधी येऊन बंद झालेल्या असाव्यात. सायलेन्सर आणि रेडिएटर लई वेळ तापलेले राहतात. रेडिएटरचं झाकण कुणी उघडायचं नाही. पुढून हँडल मारून गाडी सुरू करून दाखवायचा हट्ट लोक धरतात, ते फक्त मालकानेच करायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट जातं.

मैदानावर आदल्या दिवशी पाणी मारा, नाहीतर धूळ बसली की मालक दुपारीच निघतील. चिंचेखाली गाडी नको. सावली असते खरी, पण कावळे आणि वटवाघळं रंगाची वाट लावतात. मांडव घाला. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी कधीच उभी करायची नाही. चाकाला ठोकळे, इंजिनाखाली पुठ्ठा (जुनी गाडी तेल गाळत नसेल तर समजायचं तेल संपलंय), बॅटरीची वायर काढलेली आणि दर तीन-चार गाड्यांमागे पावडरचा अग्निशामक. तंबाखू-सिगारेटवाल्यांना मालकच ओरडतील, ती काळजी नको.

येताना रांगेत रखडली की फियाट बंद पडते, पेट्रोलची वाफ धरते. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू. म्हणून फाटकापाशी बादली आणि फडकी ठेवा, आणि गाड्यांना लोकांच्या आधी, वेगळ्या वाटेने आत घ्या.

हिशेबनीस:
फेरीचे पैसे घेऊ नका. खाजगी नंबरच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली की परवान्याचा प्रश्न येतो, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. त्या गाड्या प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येतात, धंद्यासाठी नाहीच.

त्याऐवजी एक गाडी फोटोसाठी ठेवा, आत बसून. शक्यतो अँबेसिडर, म्हणजे आजी-आजोबांसकट सगळं घर मावतं. शेजारीच देणगीचं टेबल आणि क्यूआर कोड. संस्थेला ८०जी (देणगीवर करसवलतीची मान्यता) असेल तर पावतीपुस्तक तिथेच हवं आणि दोन हजारांच्या वरची देणगी रोख घेऊ नका, त्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. टेबल फाटकाशी ठेवलं तर लोक सुटे पैसे टाकून आत पळतात. गाडीतून उतरलेला माणूस हात सैल सोडतो.

पुलाची_शिरोली:
कोल्हापुरात गाड्यांना गर्दी कमी पडायची नाही ओ ताई. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा बघा की. तुम्ही पार्किंगचं बघा, ते आधी. स्पीकर लावणार असाल तर पोलिस ठाण्यात अर्ज.

करवीरकन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. फेरी रद्द, फोटो पक्का. क्लबच्या अध्यक्षांशी बोलले. सहा मालक हात लावू द्यायला तयार आहेत, त्यातली एक जीप आणि एक पद्मिनी. प्रत्येक गाडीपुढे ब्रेलमध्ये पाटी आमचीच मुलं करतील. पाटीवर काय लिहावं?

फियाटवाला:
साल, कुठे बनली, आणि मालकाच्या घरात कशी आली ते दोन ओळींत. सिलिंडर आणि हॉर्सपॉवर नको, ते विचारणारा विचारतोच. पद्मिनी कुर्ल्याची, अँबेसिडर बंगालची, येझदी म्हैसूरची, हे मुलांना आवडतं. आणि मुलांच्या हातातल्या अंगठ्या, कडी, घड्याळं आधी काढून ठेवा. पाहुण्यांना मात्र पट्ट्याच्या बकलाबद्दल सांगा. मुलांपेक्षा जास्त ओरखडे गाडीला टेकून फोटो काढणारे बाप्येच पाडतात.

नवा_सभासद:
माझ्याकडे वडिलांची येझदी आहे, क्लबात नाही. आणली तर चालेल?

गॅरेजकाका:
आणा की. फक्त स्टँडखाली फळी ठेवा, ओल्या मुरमात स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते.