मदत हवी आहे: फ्लूमध्ये वडिलांना सीबीडी तेल द्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. वडिलांचा फ्लूचा ताप उतरलाय, पण अंगदुखी आणि कोरडा खोकला हटत नाही, रात्रभर झोप नाही. बेंगळुरूच्या मावसभावाने सीबीडी तेल पाठवलंय. जिभेखाली दोन थेंब ठेवले की आराम पडतो म्हणतो.

सीबीडी भांगेच्या झाडातून काढतात, त्याने नशा चढत नाही, एवढं वाचलंय. पण फ्लूच्या विषाणूवर ते औषध नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली तीही फिट्सच्या काही दुर्मीळ आजारांसाठी.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रोज वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे. सीबीडीमुळे यकृतात वॉरफरिनचा निचरा मंदावतो, रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडणार नाही.

इथे कुणी वैद्य किंवा फार्मासिस्ट आहेत का? 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर मिळणारं तेल ते हेच का, आणि लेबलवर नेमकं काय तपासायचं? आई रोज हळदीचं दूध देतेय, वॉरफरिनसोबत तेही चालतं ना? खोकल्यासाठी बिनधोक काय देता येईल, कृपया सांगा.