मदत हवी आहे: ट्रॅकच्या पोलोला ॲडजस्टेबल सस्पेन्शन, क्लिक बघू की स्प्रिंग? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे. घाईत असाल तर थेट खालचे प्रश्न वाचा.

गाडी २०११ ची पोलो, १.६ पेट्रोल, १०५ पीएस, मॅन्युअल. घरचीच. बाबांनी नवी घेतली तेव्हा "ही विकून काय मिळणार" म्हणत माझ्या गळ्यात मारली. गेली दोन वर्षं ती फक्त ट्रॅकवर चालते. मागची सीट, कार्पेट, एसी सगळं काढलंय, केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) बसवलाय. रस्त्यावर काढतच नाही. केलेले बदल वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसणारे नाहीत आणि एमएच-०४ ची पाटी घेऊन घोडबंदर रोडवर पावती फाडून घ्यायची हौस नाही. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात उभी असते, जायचं तेव्हा फ्लॅटबेडवर चढते. त्यामुळे "स्पीडब्रेकरला त्रास होईल" हा सल्ला कृपया नको.

जायचं कुठे, ही खरी मेख. आपल्या ठाण्या-मुंबईत पक्कं सर्किट नाही. एक कोइमतूरचा करी ट्रॅक, २.१ किमी. दुसरा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, ३.७ किमी. दोन्ही बाराशे किलोमीटरच्या पुढे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध (५.१२५ किमी) एकदाच पाहिला, परवडला नाही. वर्षाला चार दिवस मिळाले तर दिवाळी.

आता रडगाणं. मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "भाऊ, दीड कॉइल उडवतो, गाडी रस्त्याला चिकटून चालेल." मी मान डोलावली, म्हणजे चूक माझीही. शॉकअप कंपनीचेच ठेवले. करीला लांब उजव्या वळणावर गाडी आधी छान झुकायची आणि मग एकदम, चाकाखाली कोणी वीट सरकवल्यासारखं, नाक सरळ बाहेर. स्टिअरिंग कितीही वळवा. निघण्याआधी पुढच्या शॉकअपच्या दांड्याला झिप टाय बांधली होती. पाच लॅप मारून पिटमध्ये आलो, दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवून पाहिलं तर झिप टाय बंपस्टॉपच्या (शॉकअप पूर्ण दबल्यावर आदळू नये म्हणून असतो त्या) रबरात रुतलेली आणि रबरावर तिचा वळ उठलेला. डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड मेणासारखी गुंडाळली गेली होती, आतली दोन बोटं जागा मात्र नवीकोरी.

परत येताना कळंबोलीला वजनकाट्यावर गाडी घातली: मी नसताना, पाव टाकी पेट्रोल, ९८० किलो. फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून ६१०.

टायरसकट नाही, पण बाकी सगळं धरून बजेट दोन लाख. डोक्यात आहेत ते सेट:

बिल्स्टीन बी १४: फक्त उंची बदलते, डॅम्पिंग (शॉकअप स्प्रिंगचं डोलणं किती आवरतो ते) त्यांनी ठरवलेलं. बी १६: उंची आणि डॅम्पिंगच्या नॉबचे १० क्लिक, म्हणजे टप्पे. बीसी रेसिंगचं बीआर: ३० क्लिक, ऑर्डर देताना स्प्रिंग सांगता येते. केडब्ल्यू व्ही ३: रिबाउंड (शॉकअप परत लांबतानाचं डॅम्पिंग) आणि कम्प्रेशन (दबतानाचं) वेगवेगळं, पण बजेट फाटतं, बायकोही फाडेल.

प्रश्न असे:
१. वर्षाला चार दिवस चालवणाऱ्याला ३० क्लिकचा उपयोग काय?
२. स्प्रिंग किती कडक? कोणी ५ किलो (प्रति मिमी) म्हणतं, कोणी १०.
३. स्प्रिंगखालची, उंची बदलायची रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते का? गाळ्यातल्या मेस्त्रीचं ठाम मत "होते".
४. मुंबई-पुण्याकडे कोणी स्वतः बसवलंय का?

---

साधी वॅगनआर:

दोन लाखांत माझी अख्खी गाडी आली. वाचतोय. पुढे चालू द्या.

---

निवृत्त फोरमन:

प्रश्न ३ चं उत्तर आधी, कारण तिथेच लोक पैसे घालवतात. नाही होत. ६ किलोची सरळ स्प्रिंग म्हणजे प्रत्येक मिलिमीटर दाबायला ६ किलो. तुमच्या पुढच्या एका कोपऱ्यावर चाक-हब वगळून साधारण २७० किलो येतं, म्हणजे ती ४५ मिमी दबणार. रिंग वर घ्या की खाली, ४५ च दबणार. बदलते ती गाडीची उंची. मेस्त्रींना माझा नमस्कार सांगा आणि वजन ठेवून दाखवायला सांगा.

मात्र कापलेली स्प्रिंग खरोखर कडक होते. चालू वेटोळी सहाची साडेचार झाली तर कडकपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो. तुम्ही त्याच वेळी गाडी खाली आणून बंपस्टॉपपर्यंतचं अंतर खाल्लंत, आणि शॉकअप जुनाच, जो मुळात मऊ स्प्रिंगसाठी भरलेला. वीट सरकवल्यासारखं वाटलं तो बंपस्टॉप होता. रबर लागलं की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो, टायरला ते झेपत नाही.

प्रश्न २. किलो ऐकून विकत घेऊ नका, हर्ट्झमध्ये, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा डोलते, असा विचार करा. घरगुती गाड्या १ ते १.५ हर्ट्झवर डोलतात. विंग-बिंग नसलेली ट्रॅकची गाडी २ ते २.५ वर ठीक असते. पुढे २.२ धरा: २७० किलोला चाकापाशी साधारण ५.३ किलो प्रति मिमी लागतात. मॅकफर्सन स्ट्रट (पुढचा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र खांब) जवळजवळ चाकाबरोबरच हलतो, स्प्रिंग आणि चाकाच्या हालचालीचं गुणोत्तर ०.९५ धरलं तर वर्ग ०.९, त्याने भागायचं. म्हणजे स्प्रिंग ६ किलोची.

मागे लोक फसतात. तुमचा मागचा टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा बीम) आहे, स्प्रिंग वेगळी आणि चाकापेक्षा आत-पुढे बसलेली. बीमच्या बूशपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले बूशपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं, हे टेपने मोजा. समजा ०.७ आलं, तर वर्ग ०.४९, म्हणजे चाकाला स्प्रिंगचा निम्माच कडकपणा पोचतो. मागच्या कोपऱ्यावर १५५ किलो आणि २.४ हर्ट्झ धरले तर चाकापाशी ३.६ हवेत, स्प्रिंग सव्वासात-साडेसातची. वजन पुढे जास्त असूनही मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक, हे ऐकून मेस्त्री हसतील. हसू द्या. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं नाक बाहेर जाणं असंच कमी होतं.

---

ऐरोलीकर:

माझी व्हेंटो आहे, खालून तुमचीच बहीण. फोरमन काकांचं गणित बरोबर, पण त्याआधी टायरकडे बघा. बाहेरची कड वितळली, आतली नवीकोरी, म्हणजे कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं असणं) कमी. आपल्या गाडीत स्ट्रट हबमध्ये (चाक बसतं त्या भागात) गोल खोबणीत शिरतो, दोन बोल्टचा जोड नाही, त्यामुळे भोक कानसून कॅम्बर काढायची जुनी युक्ती इथे चालत नाही. स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवणारी कॅम्बर प्लेट लागतेच. अडीच-तीन डिग्रीपासून सुरुवात करा. जो सेट कॅम्बर प्लेटसकट येतो त्याची किंमत त्या हिशेबाने बघा, नाहीतर स्वस्तातला सेट घेऊन प्लेट वेगळी घ्याल आणि तिथेच पोचाल.

दुसरं, फार खाली नेऊ नका. लोअर आर्म (हबला खालून धरणारा आडवा दांडा) समोरून बघा. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, गाडी उलट जास्त झुकते, आणि झुकताना कॅम्बरही जातो. मी ५० मिमी खाली नेली होती, दिसायला वाघ, चालायला म्हैस. आता २५ वर आहे आणि लॅप टाइम सुधारला.

तिसरं, आपली हवा. गाळा वागळेला आहे म्हणजे चार महिने दमटच. थ्रेडवर गंज चढला की रिंग फिरत नाही, मग छिन्नी-हातोडा आणि शिव्या. केडब्ल्यूची बॉडी स्टेनलेस असते म्हणून महाग, त्याचा आपल्याकडे खरंच उपयोग आहे. दुसरं काही घेतलंत तर जून लागायच्या आत थ्रेड ब्रशने साफ करून अँटी-सीझ (थ्रेड जाम होऊ न देणारं वंगण) लावा.

---

घाटवारा:

प्रश्न १ कोणी घेतलाच नाही, मी क्लिकच्या बाजूने बोलतो. मी चेन्नईला सकाळी ओला आणि दुपारी कोरडा ट्रॅक एकाच दिवशी पाहिलाय. ओल्यात मागचे शॉकअप आठ क्लिक सैल केले, गाडी हातात आली. जॅक नाही, पाना नाही, वरून नॉब फिरवला, झालं. बाराशे किलोमीटर जाऊन हातात फिरवायला काहीच नसेल तर दिवस फुकट.

फक्त वही ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, एकाच टोकाला, तीन-चार क्लिकने, आणि पहिल्या लॅपवर नाही, टायर तापल्यावरच काय वाटलं ते लिहा. मी पहिल्या वर्षी पुढे-मागे दोन्ही एकदम फिरवायचो, संध्याकाळी कशामुळे बरं झालं तेच कळायचं नाही.

---

निवृत्त फोरमन:

घाटवारा यांचं मान्य. पण एक लक्षात घ्या, बहुतेक एक-नॉबवाल्या सेटमध्ये नॉब मुख्यतः रिबाउंड बदलतो आणि कम्प्रेशन थोडं मागोमाग ओढलं जातं. बी १६ मध्ये दोन्ही एकत्रच. तीस क्लिक म्हणजे तीस उपयोगी जागा असं नाही. विकणाऱ्याकडे डायनोचा (शॉकअपचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. डाव्या-उजव्या शॉकअपच्या रेषा एकमेकांवर बसतात का, इतकंच बघा. आलेख देत नसेल तर क्लिकची संख्या कागदावरच समजा. आणि सील गेलं तर दुरुस्त कोण करणार, ते पैसे देण्याआधी विचारा. शॉकअप बाहेर पाठवून परत आणायचा म्हणजे कुरिअर, कस्टम आणि एक अख्खा मोसम गेला.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी फोनवर धागा वाचला आणि विचारलं, "तुझ्या गाडीत हर्ट्झ कुठे असतात?"

सध्याचं मत असं: स्प्रिंग सांगून घेता येते आणि मॅकफर्सनसाठी वर पिलोबॉल (रबराऐवजी धातूचा गोल सांधा असलेली) कॅम्बर प्लेट मिळते म्हणून बीसीकडे झुकतोय, पुढे ६, मागे मोजून ठरवणार. क्लिक मधोमध ठेवून पहिला दिवस हातच लावायचा नाही. बी १४ मनातून गेलेली नाही, कारण मी वही नीट ठेवेन यावर माझाच विश्वास नाही. विकणाऱ्याला आलेख मागितलाय, दोन दिवसांत देतो म्हणाला. आज पाचवा.

रविवारी कापलेल्या स्प्रिंग काढून मागचं माप घेणार. मागच्या वेळी त्या गॅरेजमध्ये हबची खाच छिन्नी ठोकून रुंदावली होती, कडेला अजून ओरखडा आहे. ती खाच फाकवायचा स्प्रेडर बिट ठाण्यात कोणाकडे आहे का? एका दिवसापुरता.

---

ऐरोलीकर:

माझ्याकडे आहे. रविवारी नऊच्या आत या, दहाला मी बाहेर पडतो. आणि टॉर्क रेंच तुमचा आणा, माझा फोरमन काकांकडे आहे, मार्चपासून.