कानाच्या पडद्यामागे पाणी: तुमच्या मुलांचं कारण काय निघालं?

आमचे चिरंजीव साडेचार वर्षांचे. टीव्हीचा आवाज वाढवायचे, हाक मारली की 'काय?'. आम्ही हट्टी ठरवून मोकळे. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "पाठमोरा असला की त्याला ऐकूच जात नाही हो." टिम्पॅनोमेट्री केली, म्हणजे कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते बघणारी तपासणी. कागदावर डोंगर यायला हवा तिथे सपाट रेघ, म्हणजे पडद्यामागे पाणी. ना ताप, ना ठणका, कळणार कसं? तुमचे अनुभव लिहा.

ठाणे, लेकीची आई: तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, आजोबांवर गेलीय! निघाल्या वाढलेल्या अ‍ॅडिनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठी. कानाची नळी नाकामागे तिथेच उघडते. डॉक्टरांनी टेबलावर पेन जवळजवळ आडवं धरलं: "लहान मुलांची नळी अशी, आखूड. मोठ्यांची अशी," म्हणून तिरकं केलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नळी तुंबली की आतली हवा शोषली जाते आणि तिथे पाणी झिरपतं.

नाशिक: आमचं कारण पाळणाघर. जूनपासून एक सर्दी संपेतो दुसरी. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक शून्य. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं बंद करून तीन महिने थांबायला सांगितलं. दिवाळीपर्यंत आपोआप गेलं.

नातवाची आजी, सातारा: मी सुनेला बोल लावला, न्हाऊ घालताना कानात पाणी घातलंस म्हणून. लसणाचं कोमट तेलही सोडलं. डॉक्टर हसले. "आजी, मधे पडदा आहे. बाहेरचं पाणी आत जात नाही आणि तुमचं तेलही." सुनेची माफी मागायची राहिलीय अजून.

पुणे, बाबा: लिहायला लाज वाटते. बाल्कनीत सिगारेट ओढायचो, वाटायचं घरात धूर येत नाही. दुसरं काही कारण सापडलं नाही. धुरानं हा त्रास वाढतो एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सोडली.

कोल्हापूर: आमच्या बाळाची तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली. नळी उघडणारे स्नायू टाळूचेच, त्यामुळे पाणी ठरलेलं. दोनदा ग्रोमेट (कानाच्या पडद्यात घालायची बारीकशी नळी) बसवले. पहिला वर्षभरात आपसूक निघाला, उशीवर सापडला, तिळाएवढा. आधी वाटलं मुंग्यांनी काहीतरी आणून टाकलंय.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डाव्या कानाचा डोंगर आलाय, बुटका का होईना. उजवीकडे अजून रेघच.