ऊर्ध्वपातन, आसवन की तिर्यक्पातन?

प्रश्न : आम्ही तांब्याच्या भांड्यात थोडंथोडं वाळ्याचं तेल काढतो. बाटलीवर 'ऊर्ध्वपातन' छापलं, तर एका हिंदीभाषक गिऱ्हाइकाने सांगितलं की शब्द चुकलाय, 'आसवन' हवं. खरं काय? शिवाय 'अत्तर' म्हणावं की 'अर्क'? आणि 'स्मॉल बॅच'ला काय म्हणता येईल?

उत्तर : मराठीत ऊर्ध्वपातन बरोबरच आहे. द्रव उकळायचा, वाफ थंड करून परत द्रव मिळवायचा, याला आपल्या शाळेच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. हिंदीत त्यालाच आसवन म्हणतात, आणि तिथलं ऊर्ध्वपातन म्हणजे कापूर न वितळता थेट उडतो ते, आपलं संप्लवन. तुमचं गिऱ्हाईक त्याच्या भाषेपुरतं बरोबर आहे. पण आसवन मराठीत आणू नका. आसव म्हटलं की आपल्याला द्राक्षासव आठवतं, म्हणजे आंबवलेलं औषध. तुमच्या कामात आंबवणं कुठेच नाही.

मला मात्र तिसराच शब्द जवळचा वाटतो. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या विद्येत, पाऱ्याची तीन पातनं सांगितली आहेत : ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्. ऊर्ध्वपातनात पारा उडून वरच्या भांड्याला आतून धरतो. तिर्यक्पातनात एका घड्यातून तिरकी नळी दुसऱ्या घड्यात जाते, सांधे मातीने लिंपतात, पहिल्याखाली आग आणि दुसऱ्याला गार पाणी. आता उत्तर प्रदेशातल्या कनौजची अत्तराची भट्टी बघा. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकणाच्या सांध्याला कापूस कालवलेली माती, तिथून निघालेला बांबूचा चोंगा, त्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली, आणि चोंग्याचं दुसरं टोक पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात. हे हुबेहूब तिर्यक्पातन! (हा भपका म्हणजे भांडं, भपकेबाजपणाशी इथे काही देणंघेणं नाही.) कारागीर हौदाचं पाणी हाताने चाचपून भट्टीची आच कमी-जास्त करतो. भपका बदलायचा झाला की ओल्या फडक्याने देग पुसून वाफ दबवतो. एवढं जिवंत काम चालू असताना त्याला साजेसा शब्द पोथीत पडून राहावा, याचं मला वाईट वाटतं.

'अत्तर' जपून वापरा. कनौजच्या रीतीत भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफेबरोबर आलेला गंध ते धरून ठेवतं, खाली साठलेलं पाणी काढून पुन्हा देगेत ओततात, आणि तयार होतं ते अत्तर. चंदन महागल्यापासून अनेक ठिकाणी लिक्विड पॅराफिन वापरतात, म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी 'जमीन कशाची?', म्हणजे खालचं तेल कोणतं, असं विचारतं. चंदनाशिवाय निव्वळ तेल काढलं तर ती रूह : रूह गुलाब, रूह खस. खस म्हणजे वाळाच, तेव्हा तुमचं तेल रूह खसच्या जातीचं आहे. तांब्यामुळे त्यावर हिरवट झाक आली असेल तर घाबरू नका, पारंपरिक रूह खस तशीच असते.

'अर्क' इथे नको. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम, म्हणजे भांड्याला सुटलेल्या थेंबांसाठी चपखल. पण मराठीत काढा, मद्यात भिजवलेलं औषध, काहीही अर्क होतं. आयुर्वेदात अर्क म्हणजे वाफेतून मिळालेलं पाणी. तेल वेगळं केल्यावर उरतं ते सुगंधी पाणी विकणार असाल, तर त्यावर 'वाळ्याचा अर्क' खुशाल लिहा.

पुन्हा प्रश्न : आणि बॅच? आमच्या घरी 'घाणा' म्हणतात, भज्यांचा काढतात तसा.

उत्तर : बोलताना फारच छान शब्द आहे. पण तेलाच्या बाटलीवर 'घाणा' वाचला की लोकांना लाकडी घाणा आठवेल आणि तेल पिळून काढलंय असं वाटेल. तिथे 'खेप' लिहा. तिर्यक्पातन कितीही आवडलं तरी गिऱ्हाइकाला कळायला हवं, म्हणून मी असं लिहीन : 'वाळ्याच्या मुळांचं बाष्पनशील तेल. तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातनाने काढलेलं, लहान खेपेत. चंदन किंवा इतर तेल मिसळलेलं नाही.' शेजारी खेपेचा क्रमांक आणि मुळं खणल्याचा महिना घाला.