मदत हवी आहे : शिवराई आणि पितळी बिल्ल्यावरचा एकच ठसा कोणाचा असावा?

सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या जुन्या घरातील देवघराच्या पेटीत काही तांब्याच्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची मराठेशाहीतील नाणी), 1835 सालचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक रुपया आणि एक पितळी बिल्ला अशी नाणी एकत्र ठेवलेली होती. त्यांतील काहींवर मागाहून मारलेले लहान ठसे आहेत आणि त्यांची ओळख पटवण्यासाठी मला आपले साहाय्य हवे आहे.

रुपयाचे कोडे मला फारसे पडलेले नाही. त्यावरील इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याच्या चेहऱ्याजवळ चांदणी, ठिपका, चंद्रकोर अशा बारीक खुणा खोलवर उमटल्या आहेत. चांदी खरी आहे ना, हे पाहण्यासाठी सराफ असे पंच (ठसा उमटवणारी छोटी छिन्नी) मारत, त्यामुळे त्या सराफी खुणा असाव्यात. शिवराईचे मात्र तसे म्हणता येत नाही, कारण मुळातच कमी मोलाच्या तांब्याच्या नाण्याची अशी पारख करण्याचे सराफाला फारसे कारण नव्हते.

चार शिवरायांवर ‘छत्र पति’ या बाजूला, अक्षरांच्या खालच्या अंगाला, सुमारे चार मिलिमीटर व्यासाचा गोल ठसा आहे. त्यात त्रिशूळासारखी आकृती उठावात दिसते. काही कोनांतून पाहिल्यास ती ‘श्री’ या अक्षराच्या वरच्या भागासारखीही भासते. दुसऱ्या बाजूला, ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या मधोमध, तेवढ्याच जागी धातू दबून सपाट झाला आहे. नाण्यांवरची मूळ अक्षरे झिजून गेली आहेत, पण ठशाच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. म्हणजे नाणी बरीच वर्षे हातोहात फिरल्यानंतरच तो मारला गेला. शिवाय चारही ठशांच्या वर्तुळाला उजवीकडे एकाच ठिकाणी तुटका टवका आहे, म्हणून पंचही एकच असला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तोच टवका असलेला तोच ठसा पितळी बिल्ल्यावरही आहे! बिल्ल्याला वरच्या बाजूस भोक असून त्यावर देवनागरीत 47 हा आकडा कोरलेला आहे. नाव, गाव किंवा साल काहीही नाही. असे बिल्ले कामगारांच्या हजेरीसाठी, हमालांना मजुरीचा हिशेब देण्यासाठी किंवा ठेवलेल्या मालाची खूण म्हणून वापरले जात. यावरून मला असे वाटते की, चलनातून गेलेल्या शिवराया एखाद्या पेढीने, देवस्थानाने किंवा कारखान्याने टोकन म्हणून वापरल्या असाव्यात आणि ठसा राज्याचा नसून खासगी असावा. संस्थानाने नाण्याला पुन्हा मान्यता देण्यासाठी तो मारला असता, तर बिल्ल्यावर त्याचे काही काम नव्हते.

नाण्यावर दुसरी छाप पडणे आपल्या गावाला नवे नाही. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या परिसरात सापडलेल्या विळिवायकुर आणि शिवलकुर या सातवाहनकाळातील राजांच्या नाण्यांवर एकाच्या छापेवर दुसऱ्याची छाप आढळते आणि त्यावरूनच अभ्यासकांनी त्या राजांचा क्रम लावला. पण तिथे पूर्ण नाणे पुन्हा छापले आहे, इथे केवळ छोटा पंच आहे. म्हणून दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते.

माझी विचारणा अशी आहे. असा गोल ठसा असलेली शिवराई कोणाच्या संग्रहात आहे का? ती सांगली, मिरज, बेळगाव किंवा कोकण या भागांत मिळाली असेल, तर कृपया गाव आवर्जून कळवावे. कोल्हापूरच्या गुजरीतील (सराफ बाजारातील) जुन्या पेढ्यांच्या, किंवा शाहूपुरीतील गुळाच्या व्यापाराशी संबंधित बिल्ल्यांवर अशी खूण कोणी पाहिली आहे का? माझे अनुमान चुकीचे ठरवणारे उदाहरण असेल, तर तेही अगत्याने द्यावे. मला ओळख हवी आहे, माझे म्हणणे खरे ठरणे नको.

नाणी मी घासलेली वा धुतलेली नाहीत, कारण चकाकी आणताना ठशाच्या कडा जाण्याची भीती आहे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिरक्या उजेडात आणि मोजपट्टीसह काढून जोडली आहेत. शिवरायांची वजने 8 ते 9 ग्रॅमच्या दरम्यान आहेत. आणखी एखाद्या कोनातून छायाचित्र हवे असल्यास सांगावे, मी काढून देईन.