कॉम्प्रेस्ड चार्ज : बुलेट बसवताना करकर आवाज, दुसऱ्या दिवशी लांबी वाढलेली

नेम_३०८
रायफलची काडतुसं स्वतः भरतोय (रिलोडिंग): .३०८ विंचेस्टर काडतूस, १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) बोट-टेल म्हणजे बुडाशी निमुळती बुलेट, लांब दाण्यांची एक्स्ट्रुडेड म्हणजे साच्यातून दाबून काढलेली पावडर. मॅन्युअलमध्ये कमाल चार्जपुढे (चार्ज म्हणजे एका काडतुसातली पावडर) 'सी' म्हणजे कॉम्प्रेस्ड, दाबलेला, अशी खूण आहे आणि माझा चार्ज त्याच्याखाली एक ग्रेन आहे. तरीही बुलेट बसवताना करकर आवाज येतो. काल २.८०० इंचावर बसवलेली काही काडतुसं आज २.८०८ भरली. प्रेशर जास्त झालं असेल का? की केस (काडतुसाची पितळी नळी) भरली म्हणजे मर्यादा गाठली असंच समजायचं?

पितळी_केस
केस भरणं आणि प्रेशरची मर्यादा यांचा थेट संबंध नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. एखादी हळू जळणारी पावडर केस काठोकाठ भरूनही मर्यादेच्या बरीच खाली राहते. दुसरी एखादी केस भरण्याच्या कितीतरी आधीच मर्यादा ओलांडते. 'सी' खुणेचा अर्थ एवढाच, की तेवढी पावडर बुलेटच्या बुडाखालच्या मोकळ्या जागेत मावत नाही, ती दाबली जाते. आणि त्याच घटकांनिशी तपासलेला तो आकडा आहे. जिथे ही खूण नाही तिथे स्वतःच्या अंदाजाने दाबून भरू नका.

थोडा दाब मुळात वाईट नाही. केस भरलेली असली की काडतूस कसंही धरलं तरी पावडर प्राइमरपासून (केसच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) लांब सरकत नाही, त्यामुळे प्रज्वलन एकसारखं होतं.

कॅलिपरवाला
आवाजावरून अंदाज बांधण्यापेक्षा मोजून बघा. बुलेटच्या लांबीतून (एकूण लांबी वजा केसची लांबी) वजा करा. समजा बुलेट १.२४० आणि केस २.००५ असेल, तर २.८०० वजा २.००५ म्हणजे ०.७९५ बाहेर आणि उरलेली ०.४४५ इंच बुलेट केसच्या आत. आता चार्ज भरलेल्या केसमध्ये कॅलिपरची दांडी अलगद सोडा. पावडर तोंडापासून ०.४०० खाली असेल तर दाब ०.०४५ इंचाचा. बोट-टेल निमुळतं असल्यामुळे खरा दाब त्याहून थोडा कमी.

मग ओतण्याची पद्धत बदला. लांब ड्रॉप ट्यूब (फनेलखालची नळी) लावा आणि पावडर एकदम न सोडता फनेलच्या कडेने फिरवत हळू ओता. दाणे आडवेतिडवे अडकत नाहीत, चार्ज तोच राहून पातळी स्पष्ट खाली जाते. नंतर केस बोटात धरून हलकेच टिचक्या मारल्या की आणखी बसते. हे सगळं बुलेट लावण्यापूर्वी. सळईने पावडर दाबायची नाही. ती रीत काळ्या पावडरची.

नेम_३०८
०.०५५ येतंय, साध्या फनेलने. ड्रॉप ट्यूब मागवतो. पण वाढलेल्या काडतुसांचं काय? डायमधून (प्रेसमधला बुलेट बसवायचा साचा) पुन्हा खाली बसवू?

पितळी_केस
नको. पावडर स्प्रिंगसारखी उलटी रेटतेय, त्यामुळे बुलेट पुन्हा वर येईल. बुलेट पुलरने ती सोडवा. सोडवलेली पावडर पांढऱ्या कागदावर पसरून नीट पाहा: दाणे अख्खे असतील तर ठीक. तुटलेले दिसले तर दाब जास्त आहे. दाण्याच्या बाहेरच्या अंगावर जळणं मंदावणारा लेप असतो, तुटलेल्या तोंडावर तो नसतो, त्यामुळे ती पावडर वेगळ्या गतीने जळते. असे दाणे परत वापरू नका.

०.००८ ची वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बुलेट रायफलिंगच्या (बॅरलमधल्या पिळदार खाचा) आधीच जवळ असेल तर ती लँड्सना (त्या खाचांमधले उंचवटे) टेकते आणि प्रेशर तिथे चढतं. न झाडता काडतूस बाहेर काढलं तर बुलेट बॅरलमध्ये अडकून पावडर अ‍ॅक्शनमध्ये (रायफलच्या यंत्रणेत) सांडू शकते.

कॅलिपरवाला
नेकची (केसच्या तोंडाचा अरुंद भाग) पकडही तपासा. साइझ केलेल्या (डायने आवळलेल्या) नेकचा बाहेरचा व्यास आणि बुलेट बसवल्यावरचा व्यास यांत ०.००२ ते ०.००३ इंच फरक हवा. ०.००१ च असेल तर बुलेट सरकणारच. एक्सपांडर बॉल (डायमधला, नेक आतून रुंदावणारा गोळा) जाड असणं हे नेहमीचं कारण. क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) हा उपाय नाही, निदान कॅनेल्यूर (त्यासाठीची बुलेटवरची खाच) नसलेल्या बुलेटवर तर नाहीच.

तांबे_मोनो
दोन गोष्टी राहिल्या. केसचा ब्रँड बदलला की आतली जागा बदलते. जाड भिंतीच्या केसमध्ये तोच चार्ज जास्त दाबला जातो आणि प्रेशरही वाढतं, म्हणून सुरुवातीच्या चार्जपासून पुन्हा चढायचं. दुसरं, निव्वळ तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिसे भरलेल्या बुलेटपेक्षा लांब असते आणि जास्त आत जाते. तिथे शिशाच्या बुलेटचा डेटा चालत नाही.

प्रेसच्या हँडलवर जोर द्यावा लागला, बुलेटच्या निमुळत्या भागावर सीटिंग स्टेमची (बुलेट खाली ढकलणारी डायमधली दांडी) गोल खूण उमटली किंवा शोल्डरजवळ (नेकखालचा उतार) केस फुगून बोल्ट जड लागला, तर त्या केसमध्ये ती पावडर मावत नाही. अशा वेळी आखूड दाण्यांची किंवा बॉल पावडर घ्या आणि तिच्या स्वतःच्या डेटाने नव्याने सुरुवात करा.